कातडीत मुरणारा रंग

जबलपूर शहरातून शहापुरा-दिंडोरीकडे जाणारी सडक धरली म्हणजे तासा-दीड तासात कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. भोवतालच्या खेड्यांतून गोंड व कोल लोकांची वस्ती मोठी आहे. या भागातील एखाद्या वयोवृद्ध गोंड स्त्रीचे हात किंवा पोटऱ्या पाहिल्या, तर त्यांवर निळसर-हिरवट ठिपक्यांच्या आणि रेघांच्या ओळी दिसतात. त्या ओळी तिच्या लहानपणी कोणा गोदनहारिणीने सुईने टोचून काढलेल्या असतात. मधल्या पन्नास-साठ वर्षांत त्या स्त्रीच्या अंगावरील वरची कातडी शेकडो वेळा झडून नवी आलेली आहे. उन्हातान्हात, शेताच्या चिखलात, नदीच्या वाळूत ते हातपाय घासले गेले आहेत. तरीही रेघ आपल्या जागेवरून हललेली नाही.

याच सडकेच्या दुसऱ्या टोकाला, जबलपूरसारख्या शहरातील सौंदर्यप्रसाधनगृहांत, आता तीच कला दुसऱ्या नावाने मिळते. विरळ भुवया दाट दाखविणे, ओठांना न पुसला जाणारा रंग देणे, पापण्यांच्या कडेला काजळाची रेघ कायमची ओढणे, यास ‘परमनंट मेकअप’ असे म्हणतात. ते करणारी व्यक्ती बहुधा वीस-पंचवीस वर्षांची असते आणि तिच्या हाती विजेवर चालणारी लेखणी असते. गोदनहारिणीची जुडी आणि ही लेखणी यांत दिसावयास अंतर पुष्कळ आहे. परंतु दोघींचे काम एकच आहे : न विरघळणारा रंग कातडीच्या नेमक्या थरात नेऊन सोडणे. तो थर चुकला, किंवा रंगाबरोबर नको ते आत गेले, म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी प्रथम जुन्या कलेकडे व मग कातडीकडे वळले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकांस गोंदण नवे नाही. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदलेली आजी बहुतेकांच्या आठवणीत असते. जुन्या मध्यप्रांतात तर नागपूर आणि जबलपूर एकाच शासनाखाली होते आणि १९५६ पर्यंत ते तसेच राहिले. त्या प्रांतातील जातिजमातींचा चार खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली रसेल या अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने सिद्ध केला. हिरालाल हे मुडवारा म्हणजे आजच्या कटनीचे रहिवासी होते. या ग्रंथात गोंदणाच्या चाली तपशिलाने नोंदल्या आहेत. पुढे १९३९ साली व्हेरिअर एल्विन यांनी बैगा जमातीवर ग्रंथ लिहिला. बैगांची वस्ती कुंडमच्या पूर्वेस, दिंडोरी व मंडला या भागांत अधिक आहे आणि तेथील स्त्रियांएवढे अंगभर गोंदण मध्य भारतात क्वचितच आढळते.

गोंदणे हे घरच्या बाईचे काम नव्हे. ते करणाऱ्या स्त्रिया ठराविक जातींच्या असत : ओझा, बादी, देवार. त्या गावोगाव फिरत आणि मोबदला बहुधा धान्याच्या वा वस्त्राच्या रूपाने घेत. रामतीळ म्हणजे आपले कारळे. त्याचे तेल जाळून धरलेले काजळ हा त्यांचा रंग. काही ठिकाणी त्यात बिब्ब्याचा रसही घालीत. तीन-चार किंवा अधिक सुया दोऱ्याने एकत्र बांधून केलेली जुडी हे त्यांचे हत्यार. प्रथम काडीने आकृती रेखाटावयाची, मग डाव्या हाताने कातडी ताणून धरून उजव्या हाताने भराभर टोचावयाचे, आणि शेवटी तेल व हळद लावावयाची. बैगा मुलीच्या कपाळावरील खूण आठ-दहा वर्षांच्या वयात होई. पाठ, हात, मांड्या, छाती यांवरील गोंदण पुढे वयाप्रमाणे होत जाई. दागदागिने मेल्यावर येथेच राहतात, गोंदण मात्र बरोबर जाते, ही समजूत या भागात सर्वत्र ऐकावयास मिळते.

या कलेची शाळा म्हणजे आईचे सान्निध्य. मुलगी आईबरोबर फिरे, काजळ खले, गोंदून घेणारीचा हात धरून ठेवी, आणि पुष्कळ दिवस हे पाहिल्यानंतर तिच्या हाती सुया येत. कोणत्या जागी कातडी पातळ, कोठे जाड, किती टोचले म्हणजे रक्त भळभळते आणि किती टोचले म्हणजे नुसता ओलावा दिसतो, हे तिला कोणी शब्दांत सांगत नसे. ते बोटांना कळत जाई. पावसाळ्यात गोंदण चिघळते म्हणून थंडीचे दिवस पसंत करावयाचे, हाही अनुभवच. दमट हवेत जखम लवकर पिकते हे आजचे वैद्यकही सांगेल.

आता कातडीकडे वळू. घराच्या भिंतीवर चुन्याचा हात देतात आणि त्याच्या आत गिलावा असतो, अशी कल्पना करावी. चुना दरवर्षी खरवडून नवा देता येतो, गिलावा मात्र तोच राहतो. कातडीचेही असेच आहे. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागांवर तिची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, वर सरकतात, मरतात आणि कोंड्याच्या रूपाने झडतात. तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या प्रवासास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच मेंदी काही दिवसांत फिकी पडून नाहीशी होते. ती फक्त सर्वांत वरच्या मृत पेशींना रंगविते. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा आहे. तीत चिवट तंतूंचे जाळे, रक्तवाहिन्या व मज्जातंतूंची टोके असतात आणि ती थरांनी झडत नाही. गोंदणाचा रंग येथे पोचला पाहिजे. टोचताना रक्ताचा बारीक थेंब येतो तो यामुळेच, कारण बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. अंतस्त्वचेत परकी वस्तू शिरली तर शरीर ती तशीच का राहू देते? याचे उत्तर शोधताना १८८२ सालच्या एका प्रयोगाची आठवण होते. मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ त्या वेळी इटलीतील मेसिना येथे राहत होता. समुद्रातील तारामाशाची अळी पारदर्शक असते. त्याने तिच्या अंगात बारीक काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तो काट्यांभोवती हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला होता. परक्या वस्तूला वेढून गिळू पाहणाऱ्या या पेशींवरील संशोधनाबद्दल १९०८ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मेचनिकॉफच्या ध्यानीमनी गोंदण नव्हते. पण सुईने टोचून पाहणे हेच त्याने केले होते, ही गंमत खरी.

आपल्या अंतस्त्वचेतही अशा भक्षिपेशी आहेत. काजळीचे कण आत शिरताच त्या धावून येतात आणि कण गिळतात. जंतू असता तर तो आतल्या आत पचून गेला असता. काजळी म्हणजे कोळसाच, तो पचत नाही. पेशी तो पोटात घेऊन जागच्या जागी बसून राहते. पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की, याच पेशी माणसाच्या आयुष्यभर जगतात आणि म्हणून गोंदण टिकते. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून ही समजूत तपासली. त्यांनी त्या कातडीतील भक्षिपेशी मुद्दाम मारून टाकल्या. गोंदण नाहीसे व्हावयास हवे होते, पण ते तसेच राहिले. मेलेल्या पेशींनी सोडलेला रंग त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशींनी तेथल्या तेथे पुन्हा गिळला होता. रंग टिकतो तो एका पेशीच्या दीर्घायुष्यामुळे नव्हे. एकीने ठेवलेले ओझे दुसरी उचलते म्हणून. कुंडमच्या आजीच्या पोटरीवरील ठिपका अशा किती पिढ्यांच्या हातून गेला असेल!

तो ठिपका काळ्या काजळीचा असून निळसर-हिरवट का दिसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. कातडीतून आत जाणाऱ्या प्रकाशापैकी तांबडा भाग खोलवर जातो आणि काजळीत शोषला जातो. निळा भाग वरच्या थरातच विखुरला जाऊन पुष्कळसा परत येतो. कण जितके खोल, तितकी निळसर झाक अधिक. भुवई फार खोल रंगविली तर काही दिवसांनी ती निळी-करडी दिसू लागते, त्याचे एक कारण हेच.

भुवयांसाठी निव्वळ काजळी क्वचितच वापरतात. तपकिरी छटा साधण्यासाठी लोहाची ऑक्साइडे वापरात आहेत. गेरू आणि पिवळी माती यांना रंग देणारे तेच हे पदार्थ. येथे ते शुद्ध स्वरूपात घेतात. रंग फिका करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा पदार्थ मिसळतात. मिश्रणातील सर्व रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, आणि त्यामुळे तीन-चार वर्षांनी एखादीची भुवई तांबूस होते, तर एखादीची राखी. परमनंट मेकअप हा गोंदणापेक्षा उथळ, अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागात करावयाचा असतो. म्हणून तो एक ते तीन वर्षांत बराच फिकट होतो आणि पुन्हा करावा लागतो. नावातील ‘परमनंट’ हा शब्द त्या दृष्टीने अर्धाच खरा आहे. फिकट झाला तरी तो पूर्णपणे जाईलच अशी हमी मात्र नाही.

मग तो काढून टाकता येतो का? लेसर किरणांच्या अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांनी रंगाचे कण फोडता येतात. बारीक तुकडे झाले की शरीर त्यांतील बरेच वाहून नेते. काळी काजळी या उपायाला चांगली दाद देते. परंतु ओठांच्या व भुवयांच्या रंगात एक सापळा आहे. तांबड्या लोह-ऑक्साइडावर किंवा टायटॅनियम डायऑक्साइडावर लेसर पडला तर त्यात रासायनिक बदल होऊन तो क्षणात काळपट होऊ शकतो. गुलाबी ओठ काढावयास गेलेली स्त्री काळे ओठ घेऊन परत येते. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ प्रथम एका ठिपक्यावर प्रयोग करून पाहतो तो याकरिता.

बिब्ब्याचा उल्लेख वर आला आहे. बिब्बा उतणे म्हणजे काय हे खेड्यातील कोणासही सांगावे लागत नाही. त्याच्या रसातील द्रव्य कातडीवर फोड उठविते, आणि पुष्कळांना त्याची जन्माची वावडी जडते. गोंदणाच्या रंगात तो घालण्याची चाल सुटली तर हळहळण्याचे कारण नाही. पण कारखान्यात तयार झालेला रंग सुरक्षितच असतो असेही नव्हे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या व परमनंट मेकअपच्या रंगांतील सुमारे चार हजार रासायनिक द्रव्यांवर निर्बंध घातले. आपल्याकडील १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधनाची व्याख्या करताना अंगावर चोळणे, ओतणे, शिंपडणे यांच्याबरोबर शरीरात घालणे हाही प्रकार धरलेला आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी भुवया नसाव्यात, पण शब्द मात्र दूरदर्शी पडले.

सर्वांत मोठा धोका रंगाचा नसून त्याच्या सोबत्यांचा असतो. गोदनहारीण एकाच जुडीने एका बैठकीत अनेकींना गोंदी. तिचा हात कितीही कसलेला असो, एकीच्या रक्तातील ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू दुसरीच्या अंगात जाण्यास सुईच्या टोकावरील न दिसणारा अंशही पुरेसा होता. हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. सुई पाण्यात उकळली तर बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंची बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दाबाखालील वाफ लागते : १२१ अंश सेल्सिअस तपमान, चौरस इंचास १५ पौंड दाब, आणि निदान १५ मिनिटे. सुया तर एकदा वापरून फेकूनच द्यावयाच्या असतात. गोंदून घेतलेल्या व्यक्तीचे रक्त आपल्याकडील रक्तपेढ्या वर्षभर घेत नाहीत, त्याचे कारणही हेच.

सुई निर्जंतुक असली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी दोन घटना नोंदण्यासारख्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००९ च्या सुमारास एकाच व्यक्तीकडून भुवया रंगवून घेतलेल्या सुमारे डझनभर लोकांच्या भुवयांवर गाठी उठल्या आणि त्याच बाजूच्या लसीकाग्रंथी सुजल्या. क्षयाच्या जंतूच्या कुळातील, पण क्षयाहून वेगळा असा एक जंतू त्यांच्यात सापडला. आणि तोच वापरलेल्या रंगातही मिळाला. पुढे २०११ च्या अखेरीपासून अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात करड्या रंगाने गोंदून घेतलेल्या १९ जणांच्या अंगावर न बऱ्या होणाऱ्या पुटकुळ्या आल्या. तेथेही सुया स्वच्छ होत्या. काळी शाई पातळ करून आधीच भरून ठेवलेल्या बाटल्यांत त्याच कुळातील जंतू शिरलेले होते. या कुळातील जंतूंना साध्या पाण्यात सुखाने राहता येते, आणि त्यांचा उपद्रव हटविण्यास कधी कधी काही महिने औषधे घ्यावी लागतात. रंग दाट वाटला म्हणून नळाच्या पाण्याचे दोन थेंब टाकणे, ही वरकरणी निरुपद्रवी सवय येथे महागात पडते.

आता कुंडमसारख्या गावातील एखादी मुलगी शहरात जाऊन हे काम शिकते आणि परत येऊन गावातच दुकान मांडते, अशी कल्पना करावी. अशी उदाहरणे पुढील काळात वाढतील. शिकविणारे वर्ग बहुधा थोड्या दिवसांचे असतात. काही तर दोन-चार दिवसांत प्रमाणपत्र हाती देतात. तेवढ्या वेळात भुवईची मापे, रंगांची निवड आणि यंत्राची ओळख होते. रबरासारख्या कृत्रिम कातडीवर सराव होतो. पण कृत्रिम कातडी सर्वत्र सारखी जाड असते, ती रक्ताळत नाही आणि दचकतही नाही. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, एकंदर अर्धा मिलिमीटर; तिच्या शेजारी ओठ किंवा कपाळ ठेवून पाहिले तर एकच खोली सगळीकडे चालणार नाही हे उघड आहे. गोदनहारिणीच्या मुलीस जे शिकावयास काही वर्षे लागत, ते यंत्र आले म्हणून चार दिवसांत येत नाही. उलट, या शहरी शिष्येस जंतूंविषयी जे दोन तास सांगितले जाते, त्यातले काहीच गोदनहारिणीस कोणी कधी सांगितलेले नव्हते. हा दोष तिचा नव्हे.

चांगल्या शिक्षणक्रमात हातमोजे, एकदाच वापरावयाच्या सुया, मोहोरबंद रंग यांबरोबर आणखी एक गोष्ट यावी लागते, ती म्हणजे नकार देणे. ज्यांच्या अंगावर लहानशा जखमेचाही जाड, वर आलेला व्रण बनतो, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्या रक्त पातळ करणारी औषधे घेतात, ज्या गर्भवती आहेत, त्यांना परत पाठविले पाहिजे. गिऱ्हाइकास परत पाठविणे हे नव्या दुकानदारास जड जाते. भाडे तर दर महिन्यास द्यावेच लागते.

याच कौशल्याचा वैद्यकातील उपयोग जुना आहे. डोळ्याच्या बुबुळावर पडलेला पांढरा डाग रंगवून झाकण्याची कृती दुसऱ्या शतकातील गॅलेन या ग्रीक वैद्यास ठाऊक होती. १८६९ च्या सुमारास पॅरिसमधील द वेकर या नेत्रवैद्याने सुईने काळी शाई टोचून तीच पुन्हा प्रचारात आणली. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर नवा स्तन घडविताना स्तनाग्राभोवतालचे वर्तुळ आज अशाच रीतीने रंगविले जाते.

आपल्या समाजात मात्र अधिक महत्त्वाचा उपयोग आहे तो पांढऱ्या कोडावर. कोड हा संसर्गाने पसरणारा रोग नव्हे आणि कुष्ठाशी त्याचा काही संबंध नाही, हे कितीही सांगितले तरी ओठाच्या कोपऱ्यावरील एका पांढऱ्या डागाने मुलींची लग्ने अडतात. ओठ, बोटांची टोके अशा जागी औषधांचा गुण कमी येतो. तेथे कातडीच्या छटेशी जुळणारा रंग टोचून डाग झाकता येतो. रोग बरा होत नाही, पण दिसत नाही. यात एक अडचण आहे आणि ती न जाणणाऱ्याच्या हातून मोठी हानी होते. कोड वाढते असेल, तर कातडीस झालेली कोणतीही इजा, ओरखडा, भाजणे, सुईचे टोचणे, त्या जागी नवा डाग उठवू शकते. झाकावयास घेतलेला डाग सुईच्या वाटेने दुप्पट होतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ प्रथम डागांची नोंद ठेवतात आणि साधारण वर्षभरात एकही नवा डाग आला नाही, जुना वाढला नाही, अशी खात्री झाल्यावरच रंग टोचतात. त्यातही सर्वांगी काम न करता आधी मुगाएवढ्या जागेवर टोचून काही आठवडे वाट पाहतात. उन्हाने भोवतालची कातडी सावळते, टोचलेला रंग सावळत नाही. त्यामुळे छटा जुळविताना ऋतूचाही विचार करावा लागतो. हे काम प्रसाधनगृहात होऊ नये, रुग्णालयात व्हावे.

कुंडमच्या पूर्वेस, दिंडोरी जिल्ह्यातील लालपूरच्या शांतीबाई मरावी आणि त्यांच्या कन्या मंगलाबाई मरावी यांनी गोंदणातील पारंपरिक आकृती आता कागदावर आणि कापडावर काढण्यास आरंभ केला आहे. मंगलाबाई ही विद्या आईजवळ शिकल्या. त्यांच्या चित्रांतून शरीराच्या कोणत्या भागावर कोणती रचना यावयाची हे पाहता येते, आणि कपाळावरील खुणेपासून पाठीवरील रांगांपर्यंतचा सारा क्रम नव्या मुलींस दिसतो. अंगभर गोंदून घेणाऱ्या तरुण स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. पुष्कळजणी मनगटावर एखादी आकृती काढून घेऊन थांबतात.